गच्चीवरचं व्हिटॅमिन डी

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि पाप माझ्या माथी! तसा गाढवपणा मी अधूनमधून करतोच, पण या उन्हाळ्यात राहात्यात केला तो अख्ख्या गल्लीसमोर, तोही उघड्या अंगाने.

झालं असं, की मला सारखी सर्दी. एक गेली की दुसरी दारात हजर! डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "सर, तुमचं व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय. रोगप्रतिकारशक्तीला ते लागतं. औषध देतो, पण जरा उन्हातही बसत जा."

शाळेला सुट्टीच होती. सकाळी बनियन काढलं, लुंगी गुडघ्यापर्यंत घेतली आणि गच्चीवर पाट मांडला. ही देहयष्टी बघून बायको म्हणाली, "निदान भिंतीकडे तोंड करून बसा हो!"

तेवढ्यात शेजारच्या शकूमावशी कुरडयांचं ताट घेऊन वर आल्या. त्यांच्या पूनमचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतात मांडायच्या गुलाबी, हिरव्या कुरडया, जाळी कशी एकसारखी!

"सर, तुमी हितंच बसनार का?"

"रोज बसणार! अहो मावशी, ऊन म्हणजे फुकटचं औषध. व्हिटॅमिन डी कमी पडलं की शरीरातले सैनिक ढिले पडतात…"

"व्हय का? लई ब्येस झालं!"

मास्तराला एवढं पुरतं हो! दुसऱ्या दिवशी मावशींसोबत आणखी दोघी आल्या. त्यांनी पापड टाकले, मी व्याख्यान टाकलं. आठवडाभरात सगळी गल्ली माझ्या गच्चीवर! पाय ठेवायला जागा नाही. जाताना प्रत्येक बाई विचारायची, "सर, उद्या पन बसनार ना?"

माझी छाती अशी फुगली म्हणता! शाळेत पोरं तास कधी संपतो म्हणून बघतात, आणि इथे बायका उद्याची चौकशी करतात. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "राहात्यात आरोग्याची चळवळ उभी राहतेय!" तिने नुसतं माझ्या पोटाकडे पाहिलं.

एक दिवस व्याख्यान भलतंच रंगलं. बायका खाली गेल्या. मला वाटलं, आपलंही आजचं डी भरलं. गेलो खाली आणि पंख्याखाली आडवा झालो.

जाग आली ती मावशींच्या किंकाळीने.

वर धावलो तर काय? कावळ्यांची पंगत बसलेली! पापडांचे तुकडे, आणि रुखवताच्या कुरडयांचा नुसता भुगा! पूनम कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

"सर, तुमी खाली कामून गेल्ता?"

"म्हणजे? माझं ऊन खाऊन झालं होतं!"

"आन राखन?"

"कसली राखण? तुम्ही तर… माझं ऐकायला येत होता ना?"

एव्हाना गल्लीतल्या बायकाही किंकाळी ऐकून वर जमल्या होत्या. मग एक बाई पदरात तोंड खुपसून खुसखुसली, आणि तिच्या मागोमाग सगळ्या. रडता रडता पूनमसुद्धा!

पुन्हा गहू भिजवला, पुन्हा चीक शिजला. प्रायश्चित्त म्हणून सोऱ्या फिरवायला मी बसलो. घामाघूम झालो, पण वाटलं, चला, आता तरी माफी मिळाली. कुरडया पडल्यावर मी धीर करून म्हणालो, "मावशी, राखणीला आता दुसरं कुणीतरी बघा. मला काही जमत नाही ते."

"आसं कसं? तुमीच पायजेत!" मावशी कळवळून म्हणाल्या. "तुमी बसल्यावर येक कावळा फिरकत न्हाई. फकस्त बनियन काढून बसा, आन तेवढं बोलू नका. कावळं तुमच्या अंगाला भित्यात, बोलन्याला न्हाई!"

बसलो मुकाट्याने, तोंड मिटून. पूनमचं रुखवत झकास झालं. एकही कावळा फिरकला नाही हो!