पारावरची बैठक

केसरबाईचं नाव गावच्या पाणी-स्वच्छता समितीत होतं म्हणं. समितीत निम्म्या बाया पाहिजेत असा सरकारचा नियम, म्हणून घातलं. बैठक भरायची पारावर, आणि दौलताबादच्या अंगाला असलेल्या त्या गावात पारावर बाई बसत नाय. मग शिपाई घरी यायचा, भाकरी थापणाऱ्या केसरबाईचा अंगठा घ्यायचा, झाला महिलांचा सहभाग. कसला सहभाग अन् कसलं काय!

दोन वर्षांखाली गावात बायांसाठी संडास बांधायचं ठरलं. कुणकुण लागली तशी केसरबाई पदर सावरत सरपंचाच्या दारात गेली. सरपंच मोनाली, समितीची अध्यक्षबी तीच, पण बोलायचा तिचा नवरा पुंजाराम.

"भाऊ, दार तेवढं मागल्या अंगाला ठिवा," केसरबाई म्हणली. "म्होरं पार हाय."

"वहिनी, तुम्ही सैपाकाचं बघा," पुंजाराम हसला. मोनाली चहा घेऊन उभी होती, ती खाली बघत राहिली.

दार पारासमोरच निघालं. फरशी लावली, रंग दिला, फोटो काढले, वेशीत 'हागणदारीमुक्त गाव' असा फलक ठोकला. आता पारावर दिवसभर पत्ते कुटणाऱ्या सासऱ्या-दिरांच्या देखत हातात डबा घेऊन कोणती सून आत जाईल? एक बी गेली नाय. बाया पहिल्यासारख्याच अंधार पडायची वाट बघू लागल्या. वर पुंजाराम सांगत फिरायचा, की बायांना सवयच नाय, सरकारनं कितीबी करू दे. ते ऐकून केसरबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिची सून सोनिया पोटुशी. दिवसा जायला लागू नये म्हणून त्या पोरीनं पाणी पिणंच सोडलं. लघवीला जळजळ झाली, ताप चढला, शेवटी घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीण म्हणाली, भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर बाळाला धोका आहे.

सोनिया हळूच म्हणली, "पिऊन जाऊ कुठं?"

केसरबाई गावात उतरली ती घरी गेलीच नाय. तडक पाराकडं गेली, चपला काढल्या अन् वर चढून बसली. पत्ते थांबले. कुणी खाकरलं, कुणी मान फिरवली. पाठोपाठ तिची शेजारीण सगीरा आली, मग समितीतल्या बाकीच्या बाया, मग आणखी आल्या. कुणी निवडायला भाजी घेऊन, कुणी लेकरू मांडीवर घेऊन. पुरुष एकेक करून उठले. बाईशेजारी बसायची त्यांना लाज वाटली. बायांच्या संडासाच्या दारासमोर बसायची मात्र वाटली नव्हती.

पुंजाराम धावत आला. "वहिनी, गावाची इज्जत घालवता का?"

"दार मागं फिरवा, उठते."

"असं कसं फिरवणार? समितीचा ठराव लागतो त्याला."

तेवढ्यात मोनाली येताना दिसली. डोक्यावर पदर, नजर खाली. नवऱ्याला जेवायला बोलवायला आली असंल, असं सगळ्यांना वाटलं. ती पारावर चढली अन् केसरबाईला खेटून बसली.

पुंजारामचा चेहरा उतरला. "ए, उठ. घरी चल."

"येत नाय," मोनाली म्हणली. "समितीची बैठक चालू हाय. तुम्ही समितीत नायत, जरा बाजूला व्हा."