अरबांचे तह आणि आमची पालखी

धाकटे दीर येसाजी मुंबईत एम.ए. झाले आणि सुएझच्या भांडणानंतर अरब राजांच्या तहांवर प्रबंध लिहू लागले. अरबी शिकायला ते गावी राहून रोज बोर्लीच्या हसनमियांकडे जात, अरबी पुस्तकं घरी आणत. मियांची उमर बसऱ्याच्या गलबतांवर गेली होती. गावाला हे खुपलं.

शिमग्यात गावकार कोंडाजी अंगणातूनच ओरडले, "येश्या, ती पुस्तकं घरात हायत तोवर देवीची पालखी या दारी थांबायची न्हाय!"

"काका, त्यात नुसते राजांचे करार आहेत."

"मंग तुझ्या राजांनाच बोलव पालखी नाचवायला!" सगळे खिदळले.

लग्न होऊन आल्यापासून आमच्या दारची पालखी चुकली नव्हती. मी म्हणाले, "भावजी, जगाचे तह वाचता, गावाशी एक करा की."

"वहिनी, हे तह नाही, शरणागती मागतायत. तुम्हीसुद्धा."

"हो, मीसुद्धा. देवी की पुस्तकं, आत्ता सांगा."

त्यांनी पुस्तकं ट्रंकेत भरली आणि घर सोडलं.

आता ते कॉलेजात अरबांचा इतिहास शिकवतात. दर शिमग्याला पालखी दारात नाचते. मी ओटी भरते, घरातल्या एकेकासाठी देवीकडे मागते. भावजींचं नाव घेत नाही.