वर्षावासात गाळलेलं पान

आषाढी पौर्णिमेपासून आमच्या मुलुंडच्या वस्तीत वर्षावास सुरू व्हायचा. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात बुद्धाच्या शिकवणीचा ग्रंथ वाचला जायचा, आणि वाचणारी मी. कॉलेजात होते ना, आवाजही खणखणीत. समोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, आणि पहिल्या रांगेत माझी आई. तिला अक्षरओळख नव्हती, सहीला अंगठा लावायची. पण ऐकायला बसली की माशी हलली तरी तिला खपायचं नाही.

ऐंशी सालानंतरच्या एका पावसाळ्यात मला तिच्याकडे बघवेना. आठच दिवसांपूर्वी इस्पितळात डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवून वडिलांना आणि मला आत बोलावलं होतं. छातीतली गाठ कॅन्सरची होती. वडिलांनी रुमालाने तोंड पुसलं, बाहेर आले आणि म्हणाले, "काही नाही गं, साधी गाठ आहे. कापली की झालं." मी मान डोलावली, वर हसलेसुद्धा. बाई गं, काय ते हसणं!

वडील वस्तीतले बौद्धाचार्य. कुणाच्या घरी मयत झाली की पहिली हाक त्यांना. जरा, व्याधी, मरण कुणाला चुकलंय, असं दुसऱ्यांच्या दारात इतकं शांतपणे सांगायचे की रडणारी माणसं गप्प व्हायची. आणि स्वतःच्या घरात? लोका सांगे ब्रह्मज्ञान! "तिला कळलं तर हाय खाईल ती. तुझ्या तोंडून शब्द निघाला तर याद राख," असं मला बजावलं.

मी तरी कुठली शहाणी! तो शब्द मनातल्या मनात म्हणायचीही माझी छाती नव्हती. ऑपरेशनला महिना होता. भाकरी थापताना ती नुसती कण्हली तरी माझे हातपाय गार पडायचे. 'ती मेली तर' याच्या पुढे माझं डोकं चालायचंच नाही. जगायचं कशासाठी यावर मैत्रिणींशी तावातावाने बोलणारी मी, गुपचूप शेजारणीच्या देवीला नवस बोलून आले. बौद्धाचार्याची पोरगी! घरात कळलं असतं तर माझी वाट लागली असती.

मग एका संध्याकाळी ते पान आलं. दुःख आहे, तिथून सुरू होणारं. पुढे आजारपण, पुढे मरण. ओळी आधीच डोळ्यांना दिसल्या. समोर आई, हात जोडून. मी सरळ दोन पानं एकदम उलटली आणि मैत्रीच्या उपदेशावर गेले. शेवटी सगळ्यांनी 'साधू, साधू, साधू' म्हटलं. सुटले बाबा एकदाची, असं वाटलं.

वडील मागे सतरंज्या गोळा करत राहिले. आम्ही दोघी घरी आलो. आईने स्टोव्ह पेटवला नाही.

"आज पान खाल्लंस तू."

"नाही गं, कुठे?"

"वीस पावसाळे ऐकतेय मी. आजारपणाचं येतं, मग मरणाचं, मग त्यातून सुटायच्या वाटेचं. कधी कुणी सोडलं नाही. तू का सोडलंस?"

"चुकून."

"माझ्याकडे बघून सांग."

मी उगाच भांडी आवरायला लागले. तिने माझं मनगट धरलं.

"साध्या गाठीला माणसं एवढी हसत नाहीत गं. इतकी वर्षं ते पान दुसऱ्यांसाठी ऐकलं. यंदा माझ्यासाठी होतं, आणि नेमकं तेच तू गिळलंस."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही दोघं सारखे हसताय. मी घाबरू कुणाजवळ?"

मी तिच्याजवळ बसले आणि तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने म्हटला. ती थरथर कापायला लागली. मीही. पळून जावंसं वाटत होतं, पण मी तिचा हात सोडला नाही. त्या घडीला माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं.

वडील दारात येऊन उभे राहिले. आम्हाला बघून माझ्यावर ओरडले, "सांगितलंस हिला?"

"ओरडू नका," आई म्हणाली. "इकडे या, बसा. तुम्हालाही भीती वाटते ना?"

वस्तीतल्या एकाही मयतीला न रडलेला तो माणूस उंबऱ्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.