दोन सीटच्या गाडीचे मिस्त्री

सगळे मिस्त्री काम संपल्यावर हात धुतात. आमचे मिस्त्री कामाला लागायच्या आधी धुवायचे, तेही साबण लावून, कोपरापर्यंत. मी चिडवायचो, "काका, पूजेले बसून राह्यले का?" ते हात झटकत म्हणायचे, "माह्या हाताची घाण तिले काऊन?"

ती म्हणजे गाडी. आदिलाबादेत कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये ती उभी असायची. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची, अमेरिकेत शर्यतीच्या शौकिनांसाठी बनवलेली. दोन सीट, मागे पेट्रोलची गोल टाकी, दार नाही, टप नाही. समोरची काच म्हणाल तर चालवणाऱ्याच्या तोंडापुढे दांडीवर बसवलेलं ताटलीएवढं गोल भिंग, बस. जिनिंगच्या शेठनी ती निजामाच्या काळात हैदराबादेतल्या कुणा नवाबाकडून घेतली होती म्हणे. शेठ गेले, घरचे हैदराबादला राहायला गेले, जिनिंगला कुलूप लागलं. मागे राहिली गाडी आणि राहिले तिची देखभाल करणारे मिस्त्री.

माझं नट-बोल्टचं दुकान जिनिंगच्या फाटकासमोरच, म्हणून सगळं डोळ्यांदेखत झालं. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. घरचा मिक्सर महिनाभर बंद पडून राहील, तिकडे ढुंकून बघणार नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीसाठी तीन गावं पालथी घालेल.

चाकांचे लाकडी आरे वाळवीने खाल्ले, तेव्हा मिस्त्री तलमडुगूला बैलगाडीची चाकं करणाऱ्या सुताराच्या ओट्यावर आठ दिवस ठाण मांडून बसले आणि बाभळीचे आरे करवून आणले. भिंग फुटलं, तेव्हा लग्नात आंदण आलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची काच काढून बसवली. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. रेडिएटरचं टोपण हरवलं, तर उटनूरकडच्या ओझांकडे गेले. मेणाच्या साच्यातून पितळेचे देव ओतणारी ती माणसं. त्यांनी टोपण चोख केलं आणि आपल्या सवयीने त्यावर एक मोर बसवून दिला. मी हसून हसून बेजार. मिस्त्री गंभीर. "ऱ्हाऊ दे. तिले शोभते."

मागच्या दिवाळीनंतर शेठच्या नातवाने गाडी विकायला काढली. जुन्या गाड्या जमवणाऱ्या शौकिनांसाठी इंटरनेटवर फोटो टाकले. मिस्त्रींनी माझ्या मोबाइलवर फोटो पाहिला, बोटांनी मोठा केला. "मोर दिसून राह्यला," म्हणाले. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला. "जाऊ दे. शेडमंदी सडन्यापरीस कदर करनाऱ्याच्या घरी गेली तं बरं."

गाडी तपासायला मुंबईहून एक तज्ज्ञ येणार होता. इथे माझी अक्कल शेण खायला गेली. मीच त्यांना म्हणालो, "काका, लाजू नका. जे जे हातानं केलं, ते समदं सांगा त्याले. नाहीतर त्याले कसं कळंल?"

त्यांनी सांगितलं. तज्ज्ञ विचारायचा, "ये ओरिजिनल है?" आणि मिस्त्री छाती काढून म्हणायचे, "कायका ओरिजिनल साब, हमने बनाया." तो मान हलवायचा, लिहून घ्यायचा. तो जितकं लिहीत गेला, तितके हे खुलत गेले. त्याच्या नजरेतून सुटलेलंही बोट ठेवून दाखवलं. शेवटी हँडल मारलं आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. तज्ज्ञाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आठ दिवसांनी अहवाल आला, इंग्रजीत. नातवाने तो माझ्या फोनवर पाठवला. मी त्याची प्रत काढली, तोवर मिस्त्री दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले होते. "माहं काम लिवलं हाय का त्यात?"

लिहिलं होतं. आरे, भिंग, टोपण, ब्रेकचा दांडा, काही म्हणून सुटलं नव्हतं. आणि प्रत्येकापुढे एकच शेरा होता: अस्सल नाही, काढून टाकावे. शौकिनांना कारखान्यातून निघाली तशी गाडी हवी असते. मिस्त्रींनी जन्मभर केलेलं सगळं काम त्या कागदावर दोष म्हणून मांडलं होतं.

माझी जीभ रेटेना. "समदं लिवलं हाय, काका. एकूण एक." त्यात एक शब्द खोटा नव्हता, तरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप तीच. त्यांनी कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि गावभर सांगत सुटले.

गाडी न्यायला ट्रक आला. चढवण्याआधी त्या माणसांनी सुटं होईल तेवढं काढलं. घड्याळाची काच, मोराचं टोपण, सगळं एका पोत्यात भरून मिस्त्रींच्या पायांशी ठेवलं. "चाचा, ये आपका." मिस्त्रींनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. ते जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "इंग्रजी कठीन असते बावा. चुकते एखांद्या वेळी."

पुढेही ते दुकानावर यायचे, चहा प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. माफी मागायची म्हणून मी रोज ठरवायचो आणि रोज गिऱ्हाईक आलं की सुटल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेरवीला जैनथकडचे पुष्कळ पाहुणे आले होते. जेवणं झाल्यावर काकू आतून तो कागद घेऊन आल्या. लॅमिनेशन केलेला.

"ट्रक गेला ना, त्याच दिशी करून आनला यायनं," त्या म्हणाल्या. "सायबानं इंग्रजीत यायचं काम लिवलं म्हने. आमाले कोनाले वाचता येत नाय. तू वाचून दाखव ना, समदे बसले हायेत."

मी उभा राहिलो. चाकांचे आरे, मिस्त्रींनी केले. भिंग, मिस्त्रींनी केलं. टोपण, मिस्त्रींनी करवून आणलं. एकेका ओळीला पाहुणे माना डोलवत होते. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. शेरे तेवढे सोडले.