दिवटे घराची दिवटी
निलंग्याच्या शिंपीचाचांनी हात दिला म्हणून आमचं आडनाव टिकलं. जळक्या चिंधीचा वास आला की ते आठवतात. देवीच्या पालखीपुढं दिवटी, म्हणजे मशाल, धरायचा मान आमच्या घराचा, म्हणून आम्ही दिवटे. भूकंपात घरातला मी एकटा उरलो, तोही हात मोडलेला. पत्र्याच्या शेडमधून पालखी निघताना गावचे जाणते म्हणाले, "पोराला पेलायची न्हाई. मान संपला म्हना." दरवर्षी निलंग्याहून येऊन दिवटीला चिंध्या गुंडाळणाऱ्या चाचांनी माझ्या हाताखाली हात घातला. "नाव तुझं, जोर माझा. चल बेटा." उजेड नुसत्या दगडांच्या ढिगांवर पडत गेला, ओवाळायला दारंच नव्हती. पुढं शाळा सोडून सुरतेला आलो. लातूरला क्लास लावलेल्या माझ्या पोराला दिवटी ठाऊक नाही. चाचांना आता उठवत नाही म्हणतात, मला सुट्टी मिळत नाही. पण एकदा जाईन, आणि त्यांच्या हाताखाली हात घालून त्यांना मशिदीपर्यंत नेईन.