ओटीतल्या हारावर टॅक्स

“ताई, ओटीवर कसला आलाय टॅक्स?” नितीनने सोन्याचा हार माझ्या डेस्कवर ठेवला आणि शेजारी एक फॉर्म आपटला. मी न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. मार्चमध्ये माझं डोकं आधीच फिरलेलं असतं.

त्याची मुलगी साची कॉलेजच्या टीममध्ये टेनिस खेळते. कॉलेजच्या खेळाडूंना हल्ली जाहिराती करून कमावता येतं. ओक ट्री रोडवरच्या एका ज्वेलरने तिच्याकडून सहा इन्स्टाग्राम पोस्ट करून घेतल्या आणि पैशांऐवजी हार दिला. दिला कसा? तर नवरात्रात कुमारिका म्हणून दुकानात बोलावून, बायकोच्या हातून कुंकू लावून, नारळ-तांदळासकट ओढणीत घातला. “मुलीसारखीच आहे आमच्या!” नितीन तिथेच विरघळला.

जानेवारीत त्याच शेठने हा १०९९ नंबरचा फॉर्म पाठवला. म्हणजे ‘हिला कामाचा मोबदला दिला’ अशी सरकारकडे लेखी चहाडी. हाराची पूर्ण किंमत, घडणावळीसकट. ती त्याने जाहिरातखर्चात टाकली होती. काय तो भक्तिभाव!

“मग दाखवूच नका ना यार,” नितीन म्हणाला. “घरातलं सोनं बघायला कोण येतंय?”

“फॉर्मची कॉपी आयआरएसकडे, टॅक्स खात्याकडे पोचलीय. रिटर्नवर सही साचीची असणार. दंडही तिलाच होईल, तुला नाही.”

त्याच्या शेजारी बसलेल्या साचीने फोनमधून मान वर काढली. “हाऊ मच, मावशी?”

मी आकडा सांगितला. इन्कम टॅक्स, वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, कारण जाहिरात केली म्हणजे कायद्याने तिचा स्वतःचा व्यवसाय झाला. पोरीचा चेहरा पडला. हातात एक डॉलर आलेला नव्हता.

“बाबा, आय ॲम नॉट सायनिंग अ लाय. सेल इट.”

“अगं, आईने तुझ्या लग्नासाठी ठेवलाय!”

“हू इज गेटिंग मॅरिड?”

मला हसू आवरेना. खरं सांगते, अभिमानही वाटला तिचा.

हार त्याच शेठने परत घेतला. घडणावळ कापून! नितीन पुन्हा हजर. “निदान हा लॉस तरी वजा होईल ना?”

“वहिनींनी हार घातला होता का?”

“दिवाळीत. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. ग्रुपवर फोटो आहेत की.”

घातला म्हणजे हार घरच्या वापराचा झाला, आणि तशा वस्तूचं नुकसान वजा होत नाही. साचीने न मिळालेल्या घडणावळीवरसुद्धा टॅक्स भरला.

पुढचा करार तिने स्वतः वाचून केला आणि चेक घेतला. बापाला बाहेर गाडीतच बसवून ठेवलं होतं.