लेनला काय सांगायचं

ग्लेंडा पेसीला ओळखत नाही असा माणूस इंग्लंडातल्या आमच्या स्पॉल्डिंगमध्ये भेटला, तर समजायचं की तो कालच गावात उतरलाय. बाई अडुसष्ट वर्षांची. बाजाराच्या दिवशी चौकाच्या एका टोकाला बोलली, तर दुसऱ्या टोकाच्या मासळीवाल्याला ऐकू जायचं. उभी हयात फुलांच्या शेडमध्ये ट्यूलिपच्या जुड्या बांधण्यात गेली, पण गावात तिचं नाव झालं ते बसमुळे. माजी सैनिकांच्या क्लबातून दर मे महिन्यात ती बस भरून माणसं फ्रान्समध्ये नॉर्मंडीला न्यायची, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या कबरींवर. अशा सव्वीस फेऱ्या केल्या, आणि एकही माणूस मागे राहिला नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि दर दहा मिनिटांनी सांगायची. एकदा एक म्हातारी कॅले बंदरातल्या दुकानात चीज चाखत बसली होती, तर ग्लेंडानं तिला दंडाला धरून आणून सीटवर बसवलं होतं.

फेब्रुवारी लागला की ती सगळ्यांचे पासपोर्ट मागवून घ्यायची. टॉफीच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात ते जमायचे. मग एका रविवारी चहाची किटली शेजारी घेऊन ती एकेक उघडायची आणि शेवटची तारीख बघायची. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर नियम बदलले होते. परत यायच्या दिवसानंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, हे तिनं पाठ करून टाकलं होतं. बस कंपनीनं नियमांचा एक कागदही पाठवला होता. तो तिनं वरवर चाळला आणि डब्याच्या तळाशी घातला. सव्वीस वर्षं हेच करणाऱ्या बाईला कागद काय शिकवणार?

बसमध्ये सगळ्यात जुना माणूस विल्फ ड्रिंग, वय वर्षं एक्क्याण्णव. त्याचा थोरला भाऊ लेन चव्वेचाळीसच्या जूनमध्ये नॉर्मंडीत पडला. तेव्हा लेन वीस वर्षांचा आणि विल्फ बारा. आईनं मरताना विल्फकडून वचन घेतलं होतं, की लेनला एकटं टाकायचं नाही. म्हणून विल्फ दरवर्षी जायचा. कबरीपाशी घडीचं स्टूल मांडायचा, टोपी काढायचा आणि वर्षभराच्या बातम्या भावाला मोठ्यानं सांगायचा. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, बिअर किती महागली, पीटरबरोचा फुटबॉल संघ कसा हरला, सगळं. बाकीची माणसं तोवर जरा लांब उभी राहायची. हसायचं कुणी नाही.

लेनबद्दल तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. लहानपणी विल्फनं त्याची सायकल न विचारता नेली आणि कालव्यात घातली. लेन ओरडला नाही, मारलंही नाही. आठ दिवस अवाक्षर बोलला नाही. "अगं, मार परवडला असता," विल्फ म्हणायचा.

आता मतदानाचं सांगायला हवं, ते टाळून पुढे जाता येणार नाही. सोळा साली युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, असा कौल देशानं घेतला, तेव्हा आमचं गाव झाडून सगळं बाहेर पडायच्या बाजूनं होतं, आणि ग्लेंडा सगळ्यांच्या पुढे. डॉक्टरकडे तीन आठवडे नंबर लागत नव्हता, भाडी वाढली होती, आणि लंडनवाले आपल्याला मोजत नाहीत याचा राग होता. खोटा नव्हता तो राग. मतदानाच्या आधी क्लबात विल्फनं तिला हळूच विचारलं होतं.

"पोरी, बाहेर पडलो तर आपल्या बसचं काय गं?"

"काय व्हायचंय बसला?" ग्लेंडा फिस्सकन हसली. "तुमच्या सख्ख्या भावाला भेटायला तुम्हाला कोण अडवणार? माझ्यावर सोडा."

विल्फनं सोडलं तिच्यावर. मतपत्रिकेवर तिनं जिथं फुली मारली तिथंच त्यानंही मारली.

मग महामारी आली आणि तीन वर्षं बस गेली नाही. विल्फ त्या तीन वर्षांत एकदम उतरला. यंदा, म्हणजे तेवीस साली, बस निघणार म्हटल्यावर पहिलं नाव त्याचं. "ही शेवटची," तो म्हणाला, "पण जाणार." पासपोर्ट देताना त्यानं विचारलंही होतं, "जुना आहे, नवा काढू का?" त्याचा तो लालसर, वर युरोपियन युनियन छापलेला. ग्लेंडानं बाहेर पडल्यावर निघालेला नवा निळा केव्हाच काढला होता, हौसेनं, आणि क्लबात सगळ्यांना दाखवूनही झाला होता. तिनं विल्फच्या पासपोर्टचं शेवटचं पान बघितलं. डिसेंबरपर्यंत होता. "कशाला फुकट दगदग करताय? परत आल्यावरही सात महिने उरतात. आरामात बसा."

मे महिन्यातल्या एका मंगळवारी पहाटे बस निघाली. हॅम घातलेले पाव डोव्हर बंदर यायच्या आत संपवायचे, असा ग्लेंडाचा हुकूम होता, कारण मांस पलीकडे नेता येत नाही. "आता पावाचीपण झडती?" मागून कुणीतरी ओरडलं. "हो, आणि तुझ्या पोटाचीपण घेतील, गिळ लवकर!" ड्रायव्हर क्लाइव्हसकट सगळी बस हसली. विल्फ पुढच्या सीटवर बसला होता, कडक कॉलर, कोटावर लेनची पदकं, मांडीवर घडीचं स्टूल.

पूर्वी डोव्हरला काय व्हायचं, तर एक फ्रेंच पोलीस बसमध्ये चढायचा, टॉफीच्या डब्याकडे बघायचा, मान हलवायचा आणि उतरायचा. आता सगळ्यांना खाली उतरवलं. अडतीस म्हाताऱ्या माणसांची रांग, काठ्या, कण्हणं, आणि प्रत्येक पासपोर्टवर शिक्का. ग्लेंडा रांगेच्या बाजूनं मेंढ्या हाकल्यासारखी फिरत होती. तिचा स्वतःचा शिक्का धाडकन बसला. तिच्यामागे विल्फ.

काचेमागच्या पोलीस बाईनं त्याचा पासपोर्ट उघडला, परत बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं. "साहेब, हा दोन हजार तेराच्या मार्चमध्ये दिलेला आहे. दहा वर्षं होऊन गेली."

"डिसेंबरपर्यंत आहे तो!" ग्लेंडा मध्ये घुसली. "लिहिलंय की तिथं! वाचता येतं ना?"

"लिहिलंय ते तुमच्या सरकारनं, मॅडम. आधीच्या पासपोर्टातले उरलेले नऊ महिने त्यांनी यात घालून दिले. आमच्याकडे दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं." बाई काही उर्मट नव्हती, तेच जास्त लागलं. "तुम्ही युनियनमध्ये होतात तोवर हा नियम तुम्हाला नव्हता."

ग्लेंडाच्या तोंडचं पाणी पळालं. आधी ती भांडली. मग तिनं गयावया केली, पदकांकडे बोट दाखवलं, वय सांगितलं, आईला दिलेलं वचन सांगितलं. पोलीस बाईनं वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबानं पदकांकडे बघून विल्फला सलाम ठोकला आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. बोटीला पंचवीस मिनिटं होती.

"मी थांबते तुमच्याबरोबर," ग्लेंडा म्हणाली. "क्लाइव्ह नेईल बस."

"वेडी आहेस का? सदतीस माणसं त्या क्लाइव्हच्या गळ्यात मारतेस? त्याला फ्रेंचमध्ये कॉफी मागता येत नाही." विल्फ बाकावर बसला होता, स्टूल मांडीवरच. "जिल येईल ना मला घ्यायला, ॲशफर्डहून अर्धा तास लागतो." जिल त्याची भाची. त्यानं एकदा काचेकडे बघितलं. "गंमत बघ. लेन गेला तेव्हा त्याच्याकडे पासपोर्ट नव्हताच मुळी."

ग्लेंडाला हसू आलं नाही. "विल्फ, मी तुम्हाला म्हटलं होतं की–"

"माहितीय काय म्हटलं होतंस. पेन आहे?"

डब्याच्या तळाशी तो कंपनीचा कागद होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर ती लिहीत गेली आणि विल्फ सांगत गेला. शेजारचा आर्थर गेला, करोनात. कालव्यावरचा जुना पूल पाडला. पीटरबरो चार गोलांनी पुढे होता आणि अजून कुणाला विश्वास बसत नाही कसा हरला. राणी गेली. आईचं गुलाबाचं झाड अजून आहे. तीन वर्षांचं सांगायचं म्हणजे बराच पसारा होता, पण विल्फ अडखळला नाही. त्यानं हे मनात कधीचं लावून ठेवलेलं असणार.

"आणि मी का नाही आलो म्हणून विचारलं," तो शेवटी म्हणाला, "तर सांग, गुडघे गेले. दुसरं काही सांगू नकोस. त्याला उगाच त्रास."

त्यानं स्टूल तिच्या हातात दिलं. बस बोटीत चढताना तिनं मागे बघितलं. बंदरातला एक माणूस विल्फला धरून नेत होता, आणि विल्फ एकदाही वळला नाही.

बोटीवर तिनं कागद उलटा केला. तिसरी ओळ: पासपोर्ट दिल्याची तारीख प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांच्या आतली हवी. ठळक अक्षरात होती. फेब्रुवारीपासून तिच्याच स्वयंपाकघरात होती. तिनं ती तीनदा वाचली. बाईला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि रडायलाही जागा नव्हती, कारण सदतीस जण तिच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लेनच्या कबरीपाशी स्टूल मांडून बसली. बाकीची मंडळी नेहमीसारखी लांब उभी राहिली. आधी तिला आवाजच फुटेना, त्या ग्लेंडाला! मग तिनं खाकरून सुरुवात केली. आर्थर, पूल, पीटरबरो, राणी, गुलाब. सगळं नीट, मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ आली. "विल्फचे गुडघे..." म्हणून ती थांबली. समोर दगडावर नाव आणि वय, वीस. त्या पोराला खोटं सांगायचं तिला जमेना.

"गुडघे ठीक आहेत त्याचे," ती म्हणाली. "डोव्हरपर्यंत आला होता तो. पदकं लावून आला होता. माझ्यामुळे राहिला. त्यानं मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नीट न बघता, छातीठोकपणे सांगितलं की काही होत नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला रे." मग ती रडली. चांगली ओक्साबोक्शी रडली, आणि कुणी पुढे आलं नाही.

संध्याकाळी तिनं ॲशफर्डला जिलच्या घरी फोन लावला. जिलनं तो विल्फकडे दिला.

"सांगितलंस सगळं?" त्यानं विचारलं. "पीटरबरोचं?"

"सगळं."

"आणि गुडघ्यांचं?"

"नाही सांगितलं. खरं काय ते सांगितलं."

जिलच्या घरात कुठेतरी टीव्ही चालू होता.

"मग?" विल्फ म्हणाला. "काय म्हणाला तो?"

"काही नाही बोलला, विल्फ."

"हं." विल्फचा आवाज एकदम बारीक झाला. "मग रागावलाय. रागावला की तो बोलायचा नाही."